दोघींच्या सहीचं दुकान

थोरल्या जावेला बाजारात सगळे 'नन्नाबाई' म्हणायचे. पाठीमागे अर्थात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? पडद्यांचं दुकान घातल्यापासून बाईनं जो नन्नाचा पाढा लावला तो लावला. उधारी? नाही. बिलाशिवाय माल? नाही. 'कर तेवढा सोडा की बाई, रोख देतो' असं म्हणणाऱ्याकडे तर ती मापाची टेप गुंडाळता गुंडाळता अशी बघायची, की तो बिचारा आपणहून पावती मागायचा. 'तो कर माझा नाही आणि तुमचाही नाही,' ती म्हणायची, 'सरकारनं माझ्याकडे ठेवायला दिलाय. दुसऱ्याची ठेव सोडणारी मी कोण?' आणि एवढं करून गिऱ्हाईक काही तुटायचं नाही. कारण तिनं खिडकीचं माप घेतलं आणि पडदा जमिनीवर लोळला किंवा वर लोंबकळत राहिला, असं कधी झालंच नाही.

माप थोरलीचं, शिवण धाकटीची. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी, कापायला एक लांब टेबल, भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे, आणि दारावर पाटी: 'जावांचं दुकान'. 'जावा-जावा, उभा दावा' म्हणणारे शेजारी वाट बघून बघून दमले. भांडणं व्हायची, नाही असं नाही. अस्तर किती सोडायचं यावरून एकदा दोघींनी अबोला धरला, तर आठवडाभर फक्त मशिनीच बोलत होत्या. पण गिऱ्हाइकासमोर दोघींचं तोंड एक.

आणि आता दैवाची थट्टा बघा. एका सकाळी टेबलावर कापड पसरून खुणा करताना थोरलीच्या हातातला खडू गळून पडला आणि पाठोपाठ ती. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. जन्मभर जमवलेल्या सगळ्या शब्दांतून तिच्या तोंडात एकच शब्द उरला. 'हो.'

चहा देऊ? हो. नको का? हो. पाय दुखतोय? हो. आता नाही ना दुखत? हो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. समजतं बरंचसं, पण शब्द सापडत नाही. जो हाताला लागतो तोच पुन्हा पुन्हा बाहेर येतो. नेमकं किती समजतं, ते मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही. जिनं आयुष्यभर नाही म्हटलं तिला देवानं शेवटी हो म्हणायला लावलं, असं कुणीतरी दुकानाच्या पायरीवर हसत हसत म्हणालं, आणि धाकटीनं हातातली कात्री अशी आपटली की बोलणारा दिसेनासा झाला. मग ती आत जाऊन ताग्यांच्या मागे उभी राहून रडली.

हळूहळू धाकटीला त्या 'हो'चे सूर कळायला लागले. भुवई चढवून आलेलं 'हो' म्हणजे नाही. लांबवलेलं 'हो' म्हणजे पुरे, डोकं खाऊ नकोस. बारीक, नाकातून आलेलं 'हो' म्हणजे खरंच हो. निदान धाकटीला तसं वाटायचं, आणि तिला तसं वाटण्याची फार गरजही होती.

आता हे दुकान सुरू कसं झालं ते सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

थोरलीचा नवरा अकाली गेला. मूलबाळ नाही. दिराच्या घरात राहायची ती. कुणी तिला वावगं बोलत नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला बोलावं लागत नाही. ते स्वतःच स्वतःला ऐकवत असतं. जेवायला बसली की 'पुरे गं' म्हणून अर्ध्यावरच ताट सारायची. धाकटीला ते बघवेना. पडदे शिवायची कल्पना धाकटीची, 'आपण दोघी मिळून' हेही धाकटीचंच.

नोंदणीसाठी त्या एका कर सल्लागाराकडे गेल्या. गृहस्थ भला, पण दर वाक्यात कलम आणि कलमाच्या पोटात आणखी कलम. जिना उतरतानाच थोरलीनं त्याचं नाव 'पोटकलम' ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. पोटकलमांनी सगळं नीट समजावलं होतं. घरचा पैसा आणि दुकानचा पैसा एका डब्यात ठेवायचा नाही. विक्री शून्य झाली तरी कराचं विवरणपत्र भरायचंच. मग विचारलं, 'एकीच्या नावावर करायचं, की भागीदारी? एकीच्या नावावर सोपं पडतं. कागद कमी.'

'भागीदारी,' धाकटी म्हणाली. 'निम्मं-निम्मं.'

थोरली खुर्चीत जरा सरळ बसली. त्या दिवशी घरी आल्यावर ती पोटभर जेवली. धाकटीच्या लक्षात आलं होतं ते.

करार टाईप होऊन आला तेव्हा पोटकलमांनी पुन्हा विचारलं, 'बँकेत, विवरणपत्रावर, दोघींपैकी कुणाही एकीची सही चालेल असं लिहू? सोयीचं असतं.'

'नाही,' थोरली म्हणाली. 'दोघींची. एकीची चालते म्हटलं की दुसरीला कोण विचारतो?'

'बरं. आणि हे कलम वाचून घ्या. एक भागीदार वारली, किंवा आजारपणानं कामाला असमर्थ झाली, तर दुसरीनं काय करायचं ते यात आहे.'

थोरलीनं त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि त्या कलमावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या. 'दुकानाचं दार अजून उघडलं नाही, आणि तुम्ही मयताचं काय काढून बसलात?'

'अहो बाई, हे असावं लागतं!'

'शुभ बोल रे नाऱ्या,' असं धाकटी पुटपुटली आणि दोघी जावा फिदीफिदी हसत सुटल्या. पोटकलमांनी हात जोडले. दोघींनी एकीखाली एक सह्या केल्या.

म्हणजे चूक एकटीची नव्हती. हसण्यात दोघी होत्या.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर महिन्याभरात सगळं अडलं. एका नव्या रुग्णालयाच्या खोल्यांचे पडदे शिवून, इस्त्री करून, घड्या घालून तयार होते. दुकानात बसायला जागा नव्हती इतके ढीग. पण दोरेवाल्याला पैसे द्यायचे तर धनादेशावर दोन सह्या. विवरणपत्राला दोन सह्या. धाकटीनं थोरलीचा डावा हात धरून सही करून बघितली. कागदावर नुसतं गुंतवळ उमटलं. बँकेतल्या बाईंनी विचारलं, 'सही बदलली का?' आणि धाकटीनं जे घडलं ते सगळं सांगून टाकलं. झालं! खातं गोठलं.

'तू म्हणजे हरिश्चंद्राचा अवतार,' तिचा नवरा कपाळाला हात लावून म्हणाला. 'गप्प राहिली असतीस तर चाललं असतं की!'

'आणि जाऊबाई धडधाकट असत्या तर त्यांनी मला फाडून खाल्लं असतं, खोट्या सहीसाठी.'

'धडधाकट असत्या तर हा प्रश्नच नव्हता,' नवरा म्हणाला. त्यातही खोटं काही नव्हतं.

पोटकलमांनी चष्मा पुसला. ते थोरलीला बघून गेले होते आणि तेव्हापासून त्यांची कलमं थोडी कमी झाली होती. 'बाई, विवरणपत्र महिनाअखेरीला गेलं नाही तर नोंदणी स्थगित होईल. मग बिल करता येणार नाही, आणि बिलाशिवाय रुग्णालय माल घेणार नाही. एक सरळ मार्ग आहे. करारात दुरुस्ती करू, की इथून पुढे तुमच्या एकटीच्या सहीनं चालेल. त्या भागीदार राहतातच. अंगठा चालतो. पण नोंदणी अधिकारी त्यांना स्वतः प्रश्न विचारणार. कळतंय ना, स्वखुशीनं करताय ना, एवढंच. त्यांनी हो म्हटलं की झालं.'

'हो तर त्या म्हणतातच,' धाकटी म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिला हसू आलं.

नोंदणी कार्यालयात चाकाची खुर्ची जिन्यावरून चढवताना धाकटीच्या नवऱ्याला घाम फुटला. थोरलीला इस्त्रीची साडी नेसवली होती, केस विंचरून घट्ट बांधले होते. भिंतीला लाकडी बाकं, पुठ्ठ्याच्या फायलींनी वाकलेली कपाटं, डोक्यावर करकरणारा पंखा. साहेब निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी खुर्ची स्वतःच्या टेबलाजवळ ओढून घेतली, म्हणजे बाईंना मान वर करावी लागू नये. माणूस चांगला होता हो. तेच तर वाईट झालं.

'बाई, या तुमच्या जाऊबाई का?'

'हो,' थोरली म्हणाली.

'तुमचं दोघींचं पडद्यांचं दुकान आहे?'

'हो.' हे बारीक, नाकातून आलेलं होतं. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

'या कागदानं दुकानाच्या सगळ्या सह्या त्या एकट्या करणार. तुम्हाला समजलंय?'

'हो.'

'अंगठा करायला तयार आहात?'

'हो.'

साहेबांनी शाईची डबी उघडली आणि कागदाच्या तळाशी बघत, रोज शंभरदा विचारावा तसा शेवटचा प्रश्न विचारला. 'यासाठी तुमच्यावर घरातल्या कुणी दबाव आणलाय का?'

'हो,' थोरली म्हणाली.

साहेबांचा हात थांबला. त्यांनी धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. 'बाई, नीट ऐका. कुणी जबरदस्ती केलीय? भीती घातलीय?'

'हो.'

'साहेब, त्यांना एवढंच बोलता येतं,' धाकटी पुढे सरसावली. 'आजारपणात शब्दच गेले हो. आताचं हे 'हो' म्हणजे 'नाही' आहे. भुवई बघा ना त्यांची. मला कळतं.'

'मग मघाची चार 'हो' म्हणजे काय होतं, बाई?' साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी. 'ती माझ्या सोयीची म्हणून खरी, आणि हे गैरसोयीचं म्हणून खोटं, असं मी कसं लिहू?'

धाकटी थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली. भुवई चढली होती का? चढली होती असं तिला वाटलं होतं. पण आता बघावं तर चेहरा एका बाजूनं ओघळलेला, डोळे टेबलावरच्या कागदावर, आणि कपाळ सपाट. बाजारातल्या प्रत्येक माणसाचं खोटं एका नजरेत ओळखणारी ही बाई. हिला कागद कळला असेल तर? दुकानातून आपल्याला बाहेर काढायचं म्हणून नटवून इथे आणलंय, असं खरंच हिच्या मनात आलं असेल तर?

साहेबांनी डबीचं झाकण लावलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं सरळ हिशेब मांडला. 'डॉक्टरांकडून लिहून घे, की वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही. न्यायालयातून तसा हुकूम आण. मग तू मोकळी.'

'म्हणजे वेडी ठरवायची?'

'शब्द काही का असेना.'

'जिनं दुकानातला एक दोरा हिशेबाबाहेर जाऊ दिला नाही, तिला वेडी ठरवून मी ते दुकान चालवू?' धाकटी एवढ्या मोठ्यानं ओरडली की स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मग तिला भान आलं. मधलं दार उघडं होतं आणि थोरली पलीकडेच पलंगावर होती.

पोटकलमांनी उरलेला मार्ग सांगितला तेव्हा ते स्वतःच खाली बघत होते. मुदत न ठरवलेली भागीदारी कुणीही एक भागीदार मोडू शकते. दुसरीची संमती लागत नाही, फक्त तिला लेखी नोटीस मिळायला हवी. मोडल्यावरच्या आवराआवरीला एकीची सही चालते: जुन्या दुकानाचा शेवटचा हिशेब, शेवटचं विवरणपत्र, निम्मी मालमत्ता थोरलीच्या नावे वेगळी. आणि धाकटीच्या एकटीच्या नावावर नवं दुकान, नवी नोंदणी, नवा क्रमांक. रुग्णालय थोडं थांबायला तयार होतं. 'जुनी पाटी मात्र उतरवा,' ते म्हणाले. 'नाव त्या भागीदारीचं होतं. आणि नोटीस टपालानं पाठवा, पोच मिळते.'

'एकाच घरात टपाल?' धाकटी म्हणाली. 'मी देईन हातानं. मी वाचून दाखवेन.'

तिला खरंच वाटलं होतं, की यातल्या त्यात हेच मायेचं आहे. वेडीचा शिक्का नाही. कार्यालयात पुन्हा वरात नाही. निम्मं मिळणारच आहे, एक पैही इकडची तिकडे होणार नाही. थोरली दुकानातच बसेल, टेबलाजवळ, सगळं बघत. फरक काय, तर कागदाचा. धाकटीनं हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की तेवढ्यात एखादा पडदा शिवून झाला असता.

दुपारची जेवणं झाल्यावर ती थोरलीच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली. शेजारी साक्षीला पोटकलम उभे राहिले. धाकटीनं कागद उलगडला.

'तुम्हाला कळवण्यात येते,' तिनं वाचलं, आणि तिथेच अडखळली. घरात कुणी कुणाला असं बोलतं का? पण शब्द बदलायचे नव्हते, पोटकलमांनी बजावलं होतं. 'तुम्हाला कळवण्यात येते की, आपणा दोघींमधील भागीदारी आजपासून मी संपुष्टात आणत आहे. आजपासून तुमचा सदर व्यवसायाशी कोणताही संबंध राहणार नाही...'

पुढचं तिनं घाईघाईनं वाचून टाकलं आणि कागद थोरलीच्या डाव्या हातात दिला. थोरलीनं तो घेतला. खाली पडू दिला नाही, उलट बोटांनी घट्ट धरला आणि डोळ्यांजवळ नेला. तिचे डोळे ओळींवरून सावकाश सरकत शेवटी खालच्या सहीवर येऊन थांबले. सही एकच होती.

'कळलं ना, जाऊबाई?' धाकटीनं विचारलं.

'हो.'

ते ना चढलेलं होतं, ना लांबवलेलं, ना नाकातलं. असं 'हो' धाकटीनं याआधी ऐकलंच नव्हतं. साधं, स्वच्छ, पूर्वीच्या थोरलीचं. खिडकीचं माप सांगावं तसं.

पोटकलम हळूच निघून गेले.

'दुकान बुडालं असतं हो,' धाकटी म्हणाली. तिला रडू आवरेना. 'तुम्हाला वेडी ठरवू देणार नव्हते मी. दुसरं काय करायचं होतं, तुम्हीच सांगा ना. सगळं तुमचंच आहे. तुम्ही तिथेच बसायचं, रोज, माझ्या समोर. मी विचारल्याशिवाय कात्री लावणार नाही कापडाला. ऐकताय ना? जाऊबाई, मला माफ कराल ना?'

ती वाट बघत राहिली. जगात तिला एकच शब्द हवा होता, आणि थोरलीकडे नेमका तोच एक होता. काहीही विचारलं तरी तो यायचा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की तो तिच्या हातात नाही, आपोआप येतो.

थोरलीनं ओठ मिटून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली.

पाटी उतरली, नवी लागली. नवी नोंदणी मिळाली, रुग्णालयाचे पडदे गेले, बिल झालं, पहिलं विवरणपत्र धाकटीनं एकटीच्या सहीनं वेळेत भरलं. थोरलीचा निम्मा हिस्सा तिच्या नावानं बँकेत पडला आहे. 'कायद्यानं सगळं चोख झालंय,' पोटकलम म्हणाले. धाकटी म्हणाली, 'हं.'

थोरलीला रोज दुकानात आणून टेबलाजवळ बसवतात. दूधवाल्याला ती हो म्हणते. डॉक्टरांना म्हणते, दिराला म्हणते, कापड हातात धरून 'हा रंग बरा दिसेल का बाई' विचारणाऱ्या कुणाही अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणते. धाकटीनं काही विचारलं की मात्र तोंड मिटून घेते. धाकटी तरी दर दुपारी मशीन थांबवून 'चहा देऊ, जाऊबाई?' असं विचारते, थोडा वेळ थांबते, आणि मग कप तिच्या डाव्या हाताशी ठेवते.